प्रार्थना चालू आहे, मग केमो थांबवावी का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुमच्या पत्नीचे वय 44 आहे. डाव्या स्तनात 3.4 सेंटिमीटरची गाठ असून काखेतील एका ग्रंथीतही रोग आहे, कोअर बायोप्सीत कर्करोगाचे निदान झाले आहे आणि अहवाल हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे वाढीला चालना देणारे प्रथिन जास्त आहे), ईआर व पीआर निगेटिव्ह (स्त्री-हार्मोनला प्रतिसाद देणारे ग्राहक पेशींवर नाहीत) असा आहे. स्कॅनमध्ये शरीरात इतरत्र काही आढळलेले नाही. आधी सहा केमो व त्यांच्यासोबत हर-टूविरुद्धचे औषध, नंतर शस्त्रक्रिया आणि नंतर रेडिएशन असा क्रम डॉक्टरांनी सुचवला आहे. बायोप्सीनंतर थोड्याच दिवसांत तुम्ही दोघे एका आरोग्यसभेला गेलात, तेथे पत्नीवर हात ठेवून प्रार्थना झाली, आणि तेव्हापासून दुखणे थांबून गाठही लहान लागते असे त्या म्हणतात. ईस्टरला अजून तीन महिने आहेत. तोवर थांबून पाहावे असा त्यांचा विचार आहे. सासूबाईंच्या मंडळीतले पास्टर केमो घेण्याला अविश्वास म्हणतात, तर तुमचे पाळकसाहेब उपचार घ्या म्हणतात. तुम्ही लिहिता, "मी आग्रह धरला तर माझाच विश्वास उणा ठरतो, आणि गप्प बसलो तर उद्या स्वतःला काय उत्तर देऊ?"

माझे उत्तर सरळ आहे: ईस्टरपर्यंत थांबू नका. पत्नीचा रोग आज दुसऱ्या टप्प्यात आहे, म्हणजे सुचवलेले उपचार आयुष्य चार महिने लांबवण्यासाठी नसून रोग मुळातून घालवण्यासाठी आहेत. कर्करोगाच्या उपचारांत दोन अगदी वेगळ्या जातीचे निर्णय असतात, आणि श्रद्धाळू घरांत जो गोंधळ उडतो तो मोठ्या अंशी या दोहोंना एकच माप लावल्यामुळे उडतो. पहिल्या प्रकारात रोग बरा होण्याची वाजवी शक्यता असते आणि ती वेळेला बांधलेली असते. तेथे वाट पाहणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. दुसऱ्या प्रकारात रोग त्या पलीकडे गेलेला असतो. तेथे काय सोसायचे, कशासाठी सोसायचे आणि कोठे थांबायचे हे प्रश्न खरे असतात, त्यांची उत्तरे कोणत्याही अहवालात लिहिलेली नसतात, आणि तेथे माणसाच्या श्रद्धेचा शब्द डॉक्टरांच्या शब्दाइतकाच वजनदार ठरतो. तुमचा आजचा प्रश्न पहिल्या प्रकारचा आहे.

हर-टू पॉझिटिव्ह हा शब्द ऐकून अनेक घरे हादरतात, म्हणून त्याबद्दल दोन वाक्ये लिहितो. एके काळी हा प्रकार आम्हां कर्करोगाच्या डॉक्टरांना विशेष धास्तीचा वाटे, कारण तो वेगाने वाढतो. 1998 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या हर-टूविरुद्धच्या औषधाला मान्यता मिळाली, 2005 मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, आणि तेव्हापासून हाच प्रकार औषधाला चांगली दाद देणाऱ्यांत गणला जातो. म्हणजे तुमच्या पत्नीच्या बाबतीत थांबण्याने जे गमवायचे आहे ते थोडेथोडके नाही.

आता गाठ लहान लागते त्याविषयी. कोअर बायोप्सीची सुई जाड असते. जागा बधिर करून तिने गाठीतून शेवईच्या तुकड्यांसारखे चार-सहा धागे काढले जातात, आणि त्या वेळी आत थोडेफार रक्त साकळतेच. पहिले काही दिवस स्तन जड वाटतो, कातडी जांभळी पडते, हात लावला की कळ येते, आणि बोटांना जी गाठ लागते ती खरी गाठ आणि तिच्याभोवतीची सूज मिळून असते. पुढे तो डाग हिरवट होतो, मग पिवळसर, आणि दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरते. तेव्हा बायोप्सीनंतर चौथ्या दिवशी चाचपलेली गाठ आणि विसाव्या दिवशी चाचपलेली गाठ यांत फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे. दुखणे थांबण्याचेही तेच: स्तनातील कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, दुखत होती ती सुईची जखम, आणि ती भरून आली. तुमच्या पत्नीने त्या डागाचा रंग बदलताना पाहिला असेल. त्यांना तो आठवायला सांगा.

हे मी चमत्कार खोडून काढण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः याच मंडळीत वाढलो आहे आणि प्रार्थनेला कमी लेखण्याचे माझ्या मनात नाही. शुभवर्तमानात प्रभू कुष्ठरोग्याला बरे करतो आणि लगेच त्याला याजकाकडे पाठवतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कातडीवरचा चट्टा तपासून हा शुद्ध की अशुद्ध हे ठरवण्याचे काम याजकाचे होते. आजच्या भाषेत तो तपासणीचा अधिकारी होता. ज्याला स्वतः प्रभूने स्पर्श केला त्यालाही तपासणी चुकली नाही, आणि तपासणीने प्रभूचा अपमान झाला असे कोणी म्हटले नाही. म्हणून माझी सूचना अशी की पहिल्या केमोच्या आधी, ज्या डॉक्टरांनी पहिली सोनोग्राफी केली त्यांच्याकडूनच, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा मोजमाप करून घ्या. त्याला फार खर्च येत नाही आणि उपचाराचा एक दिवसही वाया जात नाही. गाठ खरोखर नाहीशी झाली असेल तर तुमचे डॉक्टर ते आनंदाने लिहून देतील. ती तेथेच असेल तर तेही तुम्हा दोघांना एकत्र, पडद्यावर, डोळ्यांनी दिसेल. जी साक्ष तपासणीला कचरते ती मंडळीपुढे उभी करू नये असे मला वाटते.

याच भेटीत गाठीमध्ये धातूची बारीकशी खूण, म्हणजे क्लिप, बसवून घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. हर-टूविरुद्धची औषधे सुरू झाल्यावर पुष्कळ जणींची गाठ हाताला लागेनाशी होते, काहींच्या बाबतीत सोनोग्राफीतही दिसेनाशी होते, आणि मग शस्त्रक्रियेच्या वेळी नेमकी जागा सापडावी म्हणून ही खूण लागते. औषधांनी गाठ अशी नाहीशी होते तेव्हाही आम्ही ती जागा काढून तपासतो, कारण बोटांना न लागणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात. गाठ हाताला न लागणे आणि रोग नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा नियम औषधाने विरघळलेल्या गाठीलाही आम्ही तितक्याच कसोशीने लावतो.

थोडे थांबणे मात्र चालते, आणि ते पत्नीला आवर्जून सांगा, कारण "आत्ताच्या आत्ता, उद्याच" असा धाक त्यांना घातला गेला असेल तर त्या अधिकच मागे सरतील. निदानापासून पहिल्या केमोपर्यंत दोन-तीन आठवडे तसेही जातात. ट्रास्टुझुमॅब काही जणींच्या हृदयावर परिणाम करते, म्हणून आधी टूडी-इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी लागते आणि पुढे दर तीन महिन्यांनी ती पुन्हा होते. काविळीच्या बी विषाणूची तपासणी होते, शिरा नाजूक असतील तर केमोपोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली ठेवायची छोटी डबी, बसवला जातो, किडलेल्या दातांची व्यवस्था लावली जाते. हे दिवस प्रार्थनेचेही दिवस ठेवा. मात्र पहिल्या केमोची तारीख आजच ठरवून घ्या. 2020 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा आला. त्यात स्तनाच्या कर्करोगासह सात कर्करोगांचा विचार होता, आणि शस्त्रक्रिया दर चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका आधीच्या तुलनेत 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो असे दिसले. औषधोपचार आणि रेडिएशन लांबण्याचीही किंमत त्यात दिसली. तीन महिने म्हणजे असे तीन टप्पे झाले. उपचार पूर्णपणे टाळण्याचे चित्र याहून वाईट आहे: अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इतरत्र न पसरलेला रोग असूनही ज्यांनी प्रमाणित उपचार नाकारून केवळ पर्यायी मार्ग धरला, त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, आणि स्तनाच्या कर्करोगात तर साडेपाच पटींहून अधिक. तो अभ्यास प्रार्थनेचा नव्हता, उपचार नाकारण्याचा होता, हा फरक सासूबाईंशी बोलताना विसरू नका. प्रार्थनेने कोणाचे नुकसान झाल्याचे त्यात काही नाही.

केमोविरुद्ध पास्टरांनी दाखवलेल्या बायबलमधील वचनांबद्दल मी बेतानेच लिहितो, कारण मी पाळक नाही. पण ही वचने माझ्या ओपीडीत इतक्या वेळा येतात की त्यांना बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आसा राजाने दुखण्यात परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधले, हे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. तेथे दोष देवाला विसरण्याचा आहे, आणि तुमच्या घरात तर त्याचा विसर पडलेला नाही. रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेल्या बाईचे पैसे वैद्यांपायी संपले आणि गुण आला नाही, हे मार्काने लिहिले आहे. ते तिच्या हालांचे वर्णन आहे, इतरांसाठी मनाई नाही. उलट, निरोग्यांना नव्हे तर दुखणाइतांना वैद्याची गरज असते, हे खुद्द प्रभूचे म्हणणे मत्तयात आहे. हिज्कीया राजा मरणाला टेकला असता त्याची प्रार्थना ऐकली गेली, पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले, आणि तरीही यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला सांगितली. वर मिळाला आणि लेपही लावला. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याचे धाडस कोणता पास्टर करील? तरीही आजारी बाईला मात्र हेच सहज ऐकवले जाते, आणि मला त्याचा राग येतो. रोगाचे ओझे तिच्यावर आहेच. बरे न झाल्यास त्याचा दोषही तिच्याच विश्वासावर टाकणे हे निर्दयपणाचे आहे.

महाराष्ट्रातील आपल्या मंडळ्यांचा इतिहासही दवाखान्यांपासून वेगळा काढता येत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेला रुग्णालय उघडले, नगरला मुक्तिफौजेचे बूथ हॉस्पिटल उभे राहिले, आणि आपल्या समाजात नात्यात एकही नर्स नाही असे घर आजही विरळा. त्या नर्सा सकाळची प्रार्थना करून वॉर्डात जात आणि मग सलाइन लावत. आजी-पणजीने यात विसंगती मानली नाही. ही विसंगती अलीकडच्या काही सभांमधून आपल्याकडे आली आहे.

अशा सभांतल्या साक्षींबद्दल एवढेच सांगतो की त्या खोट्याच असतात असे नाही, पण त्या निवडून आलेल्या असतात. जे गेले त्यांना साक्ष द्यायला कोणी उभे करीत नाही. शिवाय ज्यांनी साक्ष दिली त्यांतील काहींची फाइल माझ्यासारख्या डॉक्टरांच्या कपाटात असते. साक्षीत देवाचे नाव येते, ट्रास्टुझुमॅबचे येत नाही. बरे होण्याच्या बदल्यात पैसे द्या, "विश्वासाचे बी" म्हणून देणगी द्या किंवा बाटलीबंद तेल विकत घ्या असे कोणी म्हणत असेल तर तेथून उठून या. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना आपल्या देशात 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे.

तुमच्या प्रश्नात जाता जाता आलेले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. पत्नीने आपल्या मावशीची केमो वीस वर्षांपूर्वी जवळून पाहिली, तिची उशी-पांघरुणे धुतली, आणि मावशी वाचली नाही, असे तुम्ही लिहिता. माझ्या अनुभवात "प्रभू बरे करील, केमो नको" या वाक्यातला विश्वास खरा असतो, पण त्याच्या आड पुष्कळदा भीतीही बसलेली असते, आणि मंडळीत विश्वासाबद्दल बोलता येते, भीतीबद्दल बोलता येत नाही. वसईकडच्या एक शिक्षिका माझ्याकडे येत असत. प्रत्येक प्रश्नाला त्यांचे यजमान उत्तर देत आणि त्या मान खाली घालून हातातल्या रोझरीचे मणी सरकवीत. एकदा यजमान बिलाच्या खिडकीवर गेले, तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, मी चर्चच्या गायनवृंदात पुढे उभी राहते. केस गेले तर मला तिथे उभे राहवणार नाही. आणि एवढ्यासाठी केमो नको म्हटले तर लोक काय म्हणतील?" महिनाभर आम्ही सगळे त्यांच्याशी ईश्वराच्या इच्छेवर बोलत होतो आणि प्रश्न केसांचा होता. त्यांनी उपचार घेतले आणि डोक्याला रुमाल बांधून त्या गायल्याही.

म्हणून पत्नीशी वाद घालू नका, त्यांना विचारा. केमोतले नेमके काय नकोसे वाटते? मावशीचे कोणते दिवस डोळ्यांपुढून जात नाहीत? उलट्यांची भीती असेल तर सांगा की उलटी रोखणारी औषधे या काळात फार सुधारली आहेत. आज ती केमोच्या आधीपासून, दोन-तीन प्रकारची मिळून दिली जातात, आणि बहुतेक रुग्ण डे-केअरमध्ये औषध घेऊन संध्याकाळी घरी जातात. केस मात्र जातील, पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळू लागतील, आणि उपचार संपल्यावर पुन्हा येतील. हे लपवू नका. आणखी एक प्रश्न शांतपणे विचारा: "ईस्टरपर्यंत थांबलो, तर ईस्टरला काय दिसले म्हणजे तू केमोला हो म्हणशील?" या प्रश्नाला उत्तर असेल तर तीच तपासणी आज करता येते. उत्तर नसेल, तर ईस्टर ही खरी मुदत नाही हे त्यांचे त्यांनाच जाणवेल.

शेवटचा शब्द त्यांचाच आहे, हेही तितकेच स्पष्ट असावे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती नातेवाईक देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच सांगितले आहे. रुग्णालयात नवऱ्याच्या सहीवर काम उरकण्याची सवय असली तरी तुम्ही त्या सवयीचा आधार घेऊ नका. दटावून केमोच्या खुर्चीत बसवलेली बाई दुसऱ्या केमोला येत नाही. त्यांना डॉक्टरांशी एकटीने बोलायला अर्धा तास मिळवून द्या, आणि त्या वेळी तुम्ही व सासूबाई दोघेही बाहेर थांबा.

राहिली तुमच्या स्वतःच्या विश्वासाची गोष्ट. बहुतेक जोडप्यांत दोघांची प्रार्थना वेगवेगळी असते: एक जण रोग जावा म्हणून मागतो, दुसरा सोसण्याचे बळ मागतो, आणि दोघेही एकमेकांना ते सांगत नाहीत. तुम्ही दोघे मोठ्याने, एकमेकांसमोर प्रार्थना करा. गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितले आणि त्याच दमात पित्याच्या इच्छेला मानही तुकवली, तेव्हा दोन्ही मागण्या एकाच प्रार्थनेत मावतात. औषधावर आशीर्वाद मागणे हीदेखील प्रार्थनाच आहे.

उपचार सुरू झाल्यावर श्रद्धेच्या नित्याच्या आचारांत काही ठिकाणी सांभाळावे लागते, आणि हे बहुधा कोणी सांगत नाही. पत्नीच्या केमोत डोसिटॅक्सेल हे औषध असेल तर त्याच्या आदल्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात आणि त्या खाऊनच घ्यायच्या असतात. नेमकी त्याच दिवशी नातेवाईक उपास-प्रार्थना ठेवतात. पत्नीने त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस उपास करू नये, पाणी भरपूर प्यावे. त्यांच्या वतीने घरच्या इतरांनी उपास करावा. कपाळावर प्रार्थनेचे तेल लावायला काहीच हरकत नाही, पण ते पोटात घेऊ नये, गाठीवर चोळू नये, आणि रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक देणे म्हणतात, ते चालू असताना त्या जागेच्या कातडीला तर मुळीच लावू नये. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खालावतात. या दिवसांत प्रभुभोजनाचा सामाईक प्याला टाळून नुसती भाकर घ्यावी किंवा वेगळा छोटा प्याला मागावा. पाळकसाहेबांना आधी सांगितले तर ते घरी येऊनही प्रभुभोजन देतील. प्रार्थनेसाठी वीस माणसे एका खोलीत जमण्याऐवजी दोघे-तिघे यावेत, खोकला-सर्दी असलेल्यांनी फोनवर प्रार्थना करावी, आणि हात ठेवण्यापूर्वी ते साबणाने धुवावेत. एका बाबतीत मात्र तडजोड नको: केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर मध्यरात्र असली तरी, क्रोसिन देऊन किंवा प्रार्थना-साखळी सुरू करून वाट न पाहता, थेट रुग्णालय गाठायचे. अशा तापात अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावे लागते. रुग्णालयाकडे निघाल्यावर गाडीतून सगळ्यांना फोन करा.

मंडळीतल्या कॅथलिक वाचकांसाठी एक गोष्ट येथे जोडतो. फादरांना तैलाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्कारासाठी, बोलावले म्हणजे आता संपले, अशी धास्ती वसई-गोव्याकडे अजूनही आहे. 1972 च्या सुधारणेपासून हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी राहिलेला नाही. गंभीर आजाराच्या सुरुवातीला किंवा मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो.

केमो टाळून आधी शस्त्रक्रियाच करून टाकली तर चालेल का, हेही तुम्ही विचारले आहे. शक्य आहे, पण तुमच्या पत्नीच्या बाबतीत मी तो क्रम सुचवणार नाही. त्याने केमो टळत नाही, ती फक्त मागे जाते. आधी औषध दिले की ते रोगावर चालते आहे की नाही हे गाठीवरून कळते, शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात रोगाच्या काही पेशी उरलेल्या दिसल्या तर पुढचे औषध बदलता येते, आणि गाठ आक्रसली तर पूर्ण स्तन न काढता भागण्याची शक्यता वाढते. स्तन वाचवून रेडिएशन देणे आणि पूर्ण स्तन काढणे यांत आयुष्यमानाचा फरक पडत नाही, हे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे म्हणून त्यावर शस्त्र चालवू नये, असे सासूबाईंनी म्हटल्याचे तुम्ही लिहिले आहे. पण मंदिराची डागडुजी केल्याने ते भ्रष्ट होत नाही.

तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल आत्ताच लिहून ठेवतो, कारण वेळ आल्यावर ती ऐकवत नाही. उद्या सगळे करूनही रोग परतला आणि पसरला, तर निर्णय दुसऱ्या प्रकारचा होईल, आणि त्या वेळी चूक बहुधा उलट्या दिशेने होते. 2009 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजाराला तोंड देताना श्रद्धेचा अधिक आधार घेणाऱ्या रुग्णांना शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे उपचार इतरांपेक्षा जास्त मिळाल्याचे दिसले. जी श्रद्धा आज केमो नको म्हणते तीच तेव्हा "देव अजून चमत्कार करील" म्हणून अतिदक्षता विभाग सोडू देत नाही. ख्रिस्ती शिकवण तसे मागत नाही. पोप बारावे पायस यांनी 1957 मध्ये डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की असाधारण, अति बोजड उपचार घेत राहण्याचे बंधन रुग्णावर नाही. प्रोटेस्टंट पाळकही सर्वसाधारणपणे हेच सांगतील. आपल्या देशात 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा उपचारांबद्दल आधीच लेखी इच्छा नोंदवता येते, आणि 2023 मध्ये ती प्रक्रिया सोपी झाली. वेदना आणि धाप शमवणारी उपशामक सेवा मात्र शेवटासाठी राखून ठेवायची नसते. वांद्र्याचे शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे उपशामक सेवेचे निवासी केंद्र, 1986 पासून सर्व धर्मांच्या कर्करुग्णांची अशीच सेवा करीत आले आहे. हा परिच्छेद आज पत्नीला वाचून दाखवू नका. आज त्यांच्यापुढे बरे होण्याचा रस्ता आहे.

खर्चाचे थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचे रुग्णालय आहे का आणि ट्रास्टुझुमॅबचे वर्षभराचे डोस त्यात कितपत बसतात, हे तेथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाकडून, पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या. भारतात बनणारी या औषधाची रूपे 2014 पासून मिळू लागल्याने त्याची किंमत बरीच खाली आली आहे. योजनेत न बसणारी रक्कम उरली तर रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. धर्मादाय निधीची दारे त्यांना ठाऊक असतात. दुसरे मत हवे असेल तर जरूर घ्या, परळच्या टाटा रुग्णालयात किंवा जवळच्या एखाद्या कर्करोग केंद्रात. त्यासाठी नुसते कागद नेऊ नका, बायोप्सीचे मेणातले ब्लॉक आणि काचपट्ट्याही मागून घ्या, कारण हर-टूची तपासणी पुन्हा करून पाहायची तर तीच लागतात.

सासूबाईंशी आणि त्यांच्या पास्टरांशी वचनांची लढाई खेळू नका. त्यात तुम्ही जिंकलात तरी पत्नी मध्ये भरडली जाईल. सासूबाई आपल्या लेकीच्या जिवाला भ्याल्या आहेत, आणि त्यांनी स्वतःची बहीण याच रोगात गमावली आहे. त्यांना सोनोग्राफीच्या दिवशी सोबत न्या आणि मोजमाप त्यांच्यासमोर होऊ द्या. तुमच्या पाळकसाहेबांना विनंती करा की त्यांनी त्या पास्टरांना स्वतः फोन करावा. ही गोष्ट दोन सेवकांनी आपापसात बोलणे चांगले. आणि पहिल्या केमोच्या सकाळी प्रार्थना कोणी करायची असा प्रश्न आला, तर ती सासूबाईंना करू द्या.